गोधडीतून उरलेले तुकडे: कोणते ठेवावेत, कोणते वापरावेत, कोणते कोणाला द्यावेत

गोधडी किंवा क्विल्ट शिवणाऱ्या प्रत्येक घरात उरलेल्या तुकड्यांची एक पिशवी असते आणि ठाण्यात काय किंवा नवी मुंबईत काय, फ्लॅटमध्ये ती बहुधा दिवाणाच्या पोटात नाहीतर माळ्यावर असते. ती रिकामी करायला बसणारे दोन ठिकाणी हमखास चुकतात. काही जण पिशवी उघडताच कात्री घेऊन सगळे तुकडे एकाच मापात कापत सुटतात, तर काही जण ती जशीच्या तशी उचलून एखाद्या संस्थेच्या दारात नेऊन ठेवतात. पहिल्या प्रकारात ज्यातून पिशवीचा अख्खा पट्टा निघाला असता असे मोठे तुकडे वाया जातात, आणि दुसऱ्यात आपला कचरा निवडण्याचे काम दुसऱ्याच्या गळ्यात पडते. पोत, धुणे, इस्त्री, माप, निर्णय आणि सर्वांत शेवटी कात्री, हा क्रम पाळला तर दोन्ही टळते. पुढील टप्पे त्याच क्रमाने दिले आहेत. मधला एखादा गाळू नये.

टप्पा १: हंगाम आणि तयारी

हे काम जून ते सप्टेंबर या काळात काढू नये. खाडीकाठच्या आपल्या शहरांत पावसाळ्यात जाड शिवणींमधला ओलावा दोन-दोन दिवस जात नाही, आणि अर्धवट वाळलेला तुकडा डब्यात गेला की त्याच्याबरोबर शेजारच्या दहा तुकड्यांना बुरशीचे काळे ठिपके पडतात. ऑक्टोबरचे कडक ऊन किंवा मार्च ते मे हे महिने यासाठी उत्तम.

बसण्यापूर्वी जवळ ठेवायच्या वस्तू: चार रिकाम्या पिशव्या, एक स्टीलची ताटली, चिमटा, काडेपेटी, पांढरा जुना रुमाल, धुण्यासाठी जाळीची पिशवी, टेप आणि असल्यास स्वयंपाकघरातला वजनकाटा. वजनकाटा कशाला, असे वाटेल. क्विल्टिंगचे नेहमीचे सुती कापड एका चौरस मीटरला साधारण १४० ग्रॅम भरते. म्हणजे तीन किलोच्या पिशवीत वीस चौरस मीटरहून जास्त कापड असते. आकडा डोळ्यांसमोर असला की "एका दुपट्यात संपून जाईल" हा भ्रम राहत नाही.

टप्पा २: पोताप्रमाणे निवड

रंगाचा मोह बाजूला ठेवून आधी केवळ पोत पाहावा. चार ढीग करावेत: शुद्ध सुती, टेरिकॉट आणि इतर मिश्र कापड, रेशमी, जरीचे व खणाचे तुकडे, आणि चौथ्यात जॉर्जेट, सॅटिन, नेट यांसारखे पूर्ण कृत्रिम कापड. अस्तराचे तुकडे आणि उरलेले वॅडिंग, म्हणजे दोन थरांमध्ये घालायचे मऊ भरण, यांत मिसळू नये, ते वेगळे गुंडाळून ठेवावे.

हाताला कळत नसेल तर धागा जाळून पाहावा. तुकड्याच्या कडेचे चार-पाच धागे ओढून ते चिमट्यात धरावेत आणि स्टीलच्या ताटलीवर पेटवावेत. सुती धागा कागदासारखा जळतो, वासही जळक्या कागदाचा येतो आणि बोटांनी चुरडता येणारी मऊ राख उरते. कृत्रिम धागा आधी आक्रसतो, वितळतो आणि थंड झाल्यावर त्याचा टणक मणी होतो. रेशीम आणि लोकर यांना केस जळल्याचा वास येतो. टेरिकॉटमध्ये राख आणि कडक कण दोन्ही सापडतात. रेयॉनही कागदासारखेच जळत असल्यामुळे या परीक्षेत ते सुती कापडात खपून जाते. मात्र रेयॉनचा धागा ओला केल्यावर सुती धाग्यापेक्षा फार लवकर तुटतो, त्यावरून त्याला ओळखता येते.

*सावधान:* ही परीक्षा गॅसच्या शेगडीजवळ किंवा कापडाच्या ढिगाशेजारी करू नये. ताटलीत थोडे पाणी असावे. अख्खा तुकडा कधीही पेटवू नये.

एवढा खटाटोप कशासाठी? सुती कापड धुतल्यावर आटते, टेरिकॉट आटत नाही. दोन्ही शेजारी शिवले की पहिल्याच धुण्यात गोधडीला सुरकुत्या पडतात आणि त्या कोणत्याही इस्त्रीने जात नाहीत. कापड देतानाही हाच ढीग उपयोगी पडतो, कारण घेणारा पहिला प्रश्न बहुतेक वेळा "सुती आहे का?" हाच विचारतो.

टप्पा ३: रंगाची परीक्षा आणि धुणे

लाल, गडद निळा, मरून आणि काळा या रंगांवर, तसेच बांधणी, अजरख व कलमकारीच्या तुकड्यांवर तपासल्याशिवाय विश्वास ठेवू नये. वाटीत कोमट पाणी घेऊन भांडी घासण्याच्या द्रवसाबणाचे दोन थेंब टाकावेत, तुकडा त्यात अर्धा तास ठेवावा आणि मग पांढऱ्या रुमालात दाबून पिळावा. रुमालावर रंग उतरला तर तो तुकडा पुन्हा धुवावा. तिसऱ्यांदाही रंग जात असेल तर त्याची जागा गोधडीत नाही. तो शाळेला चिकटकामासाठी द्यायच्या पिशवीत टाकावा, कारण तिथे त्याला पाणी लागणार नाही.

मीठ, तुरटी किंवा व्हिनेगरच्या पाण्यात बुडवल्याने रंग पक्का होतो, ही समजूत आपल्याकडे घट्ट आहे. बाजारात रंगवून आलेल्या कापडाचा सुटणारा रंग त्याने बांधला जात नाही. वारंवार धुऊन जास्तीचा रंग काढून टाकणे, एवढाच उपाय घरच्या घरी शक्य असतो.

लहान तुकडे वॉशिंग मशीनमध्ये सुटे टाकले की त्यांचे धागे एकमेकांत गुरफटून गाठोडे होते आणि मशीनची जाळीही तुंबते. वितीपेक्षा लहान तुकडे जाळीच्या पिशवीत घालून किंवा हातानेच धुवावेत. खळ असलेले नवे कापडही धुऊनच ठेवावे, कारण कसरीला खळ फार आवडते.

*तपासा:* वाळलेला तुकडा गालाला लावून पाहावा. गार लागला तर तो अजून ओला आहे.

टप्पा ४: इस्त्री आणि माप

इस्त्री न करता मापाला बसणे ही सर्वांत जास्त आढळणारी चूक. चुरगळलेल्या तुकड्याचे माप अर्ध्या इंचाने सहज चुकते आणि पाव इंच माया, म्हणजे शिवणीसाठी सोडलेली कड, धरून शिवणाऱ्याला अर्धा इंच म्हणजे अख्खी शिवण. इस्त्री मागे-पुढे घासू नये, उचलून दाबत जावी. उरेब, म्हणजे धाग्याला तिरपा, कापलेला तुकडा घासल्याने ताणला जातो.

मापासाठी प्रत्येक तुकड्याला टेप लावण्याची गरज नाही. आपली वीत सुमारे नऊ इंच आणि जुळवलेली चार बोटे सुमारे तीन इंच भरतात. आपल्या हाताचे माप एकदा टेपवर पाहून घ्यावे आणि मग हातानेच ढीग करावेत. वीतभर किंवा त्याहून मोठे तुकडे एका बाजूला, चार बोटांपासून वितीपर्यंतचे दुसऱ्या बाजूला, लांब पण अरुंद पट्ट्या तिसऱ्या बाजूला आणि चार बोटांहून लहान चुरा चौथ्या बाजूला.

टप्पा ५: काय ठेवायचे ते आधी ठरवा

एक झाकणाचा डबा निवडावा आणि त्यात मावेल तेवढेच आपले, असा नियम करावा. दुसरा डबा आणू नये. पुढच्या एका वर्षात कोणती वस्तू शिवणार हे कागदावर लिहावे आणि तिला लागणारे तुकडे डब्यात ठेवावेत. "कधीतरी लागेल" या नावाखाली टेरिकॉटचे तुकडे साठवणे थांबवावे असे माझे स्पष्ट मत आहे. हाताने गोधडी शिवणाऱ्याला ते कधीच लागत नाहीत, सुई त्यातून नीट जातही नाही.

वीतभर तुकड्यांना या टप्प्यावर कात्री लावू नये. ते पिशवीच्या पट्ट्याला, बटव्याला, गोधडीच्या काठाला किंवा कोणाला तरी द्यायला अख्खेच हवे असतात.

*सावधान:* साठवणीच्या डब्यात डांबराच्या गोळ्या टाकू नयेत. त्यातील नॅफ्थलीनचा अंश कापडात राहतो आणि जी६पीडी या विकराची कमतरता असलेल्या नवजात बाळांच्या रक्तपेशी त्यामुळे फुटून गंभीर कावीळ होऊ शकते. अशी कमतरता आहे हे बहुतेकांना आधी माहीतही नसते, म्हणून दुपट्यासाठी किंवा देण्यासाठी ठेवलेल्या कापडापासून त्या दूरच असाव्यात. वाळलेला कडुलिंबाचा पाला कापडाच्या पुरचुंडीत बांधून ठेवणे आणि दर दोन महिन्यांनी डबा उघडून ऊन दाखवणे पुरेसे होते.

टप्पा ६: आता कात्री

ठेवायच्या सुती तुकड्यांपैकी मधल्या ढिगाचेच चौकोन करावेत. एका गोधडीसाठी एकच माप धरावे. ताणा-बाणा पाहून कापावे, म्हणजे चौकोनाच्या कडा धाग्याला समांतर राहतील. उरेब निघालेले चौकोन शिवताना लांबतात आणि ओळी वाकड्या होतात.

हिशोब आधी करावा. पाच इंचांचा चौकोन दोन्ही बाजूंनी पाव इंच माया गेल्यावर साडेचार इंच दिसतो. ३६ इंच लांब-रुंद दुपट्याला असे आठ बाय आठ, म्हणजे ६४ चौकोन लागतात. साडेतीन इंचांचे चौकोन घेतले तर तेवढ्याच दुपट्याला १४४ लागतात. पाच इंचांच्या ६४ चौकोनांचे वजन मात्र जेमतेम दीडशे ग्रॅम भरते, आणि पिशवी हलकी झाली नाही अशी तक्रार लोक का करतात याचे उत्तर त्यातच आहे. चौकोन जोडून कापड फार खपत नाही.

टप्पा ७: वापर

*(क) अरुंद पट्ट्यांची जोड.* कापड खऱ्या अर्थाने खपवायचे असेल तर ही पद्धत सर्वांत चांगली, कारण एक इंची पट्टीतला अर्धा इंच शिवणीतच जातो. पायासाठी जुन्या सुती साडीचे किंवा धोतराचे साडेसहा इंचांचे चौकोन कापावेत. पहिली पट्टी चौकोनाच्या कर्णावर सुलट ठेवावी. दुसरी पट्टी तिच्यावर उलट, म्हणजे सुलट बाजूला सुलट भिडेल अशी ठेवून कडेने पाव इंचावर शिलाई मारावी, मग ती उघडून नखाने दाबून बसवावी. तिच्या मोकळ्या कडेवर तिसरी. असे कोपऱ्यापर्यंत गेल्यावर दुसऱ्या अर्ध्या भागात तेच करावे. शेवटी चौकोन उलटा करून पायाच्या कापडाबरहुकूम कडा छाटाव्यात. शिवल्यावर प्रत्येक चौकोन सहा इंच दिसतो. ३६ चौकोनांचे ३६ इंची दुपटे होते.

इथे तीन चुका वारंवार होतात. पहिली, पट्ट्या पायाच्या कडेपर्यंतच कापणे. त्या अर्धा इंच बाहेर राहिल्या पाहिजेत, नाहीतर छाटताना कोपरा उघडा पडतो. दुसरी, प्रत्येक पट्टी उघडून न दाबता पुढची लावणे, ज्यामुळे आत घडी राहते. तिसरी, पायासाठी वर्तमानपत्राचा कागद घेणे. त्याची शाई फिक्या कापडाला लागते. कागदच वापरायचा असेल तर पाठकोरा साधा कागद घ्यावा आणि टाका बारीक ठेवावा, म्हणजे कागद सहज फाटून निघतो. कापडी पाया असेल तर तो आतच राहतो. वरचा थर जाड झाल्यामुळे मध्ये वॅडिंग घालू नये, एक जुनी साडी पुरते. आपल्या हवेत तेवढीच ऊब हवी असते. धावदोरा मात्र शिवणींच्या गाठी टाळून घालावा, नाहीतर सुई मोडते.

*(ख) बटवे.* रेशीम, खण आणि जरीचे तुकडे गोधडीत घालू नयेत. सुती कापडाबरोबर धुतले की जरीची तार काळवंडते. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून द्यायचे बटवे हा त्यांचा योग्य उपयोग. आतून सुती अस्तर लावावे आणि काम डिसेंबरमध्येच हातावेगळे करावे.

*(ग) पायपुसणे.* दीड-दोन इंच रुंद पट्ट्या टोकाला टोक जोडून तीनपेडी वेणी घालावी आणि ती गोल गुंडाळत हाताने टाके घालावेत. गुंडाळताना काम मांडीवर घेऊ नये. टेबलावर किंवा जमिनीवर सपाट ठेवूनच शिवावे आणि वळणावर वेणी किंचित सैल सोडावी. वेणी ताणून धरली की पायपुसण्याचा द्रोण होतो. हे पावसाळ्यात लवकर वाळत नाही, म्हणून फार जाड करू नये, आणि गुळगुळीत लादीवर खाली रबरी जाळी ठेवल्याशिवाय वापरू नये.

*(घ) भरण.* चार बोटांहून लहान चुरा उशी किंवा बसकर भरायला चालतो, पण तो अंगठ्याच्या पेराएवढा बारीक कापला नाही तर आठवड्याभरात गोळे होतात. नुसत्या चिंध्यांची उशी दगडासारखी जड होते. डोक्याखाली घेण्यापेक्षा बसायला किंवा दाराला अडण म्हणून बरी. आतली पिशवी पूर्ण शिवून बंद करावी, वरचे कव्हर चेन लावून वेगळे करावे, म्हणजे धुण्यासाठी फक्त कव्हर काढता येते.

टप्पा ८: देणे

पिशवी उघडल्यावर पुन्हा न निवडता ज्याला तिचा उपयोग करता येईल, त्यालाच ती दिली असे म्हणता येते. म्हणून आधी फोन करावा, काय हवे आहे ते विचारावे आणि मग तेवढेच बांधावे. घरकाम करणाऱ्या ताईंच्या हातात न विचारता पिशवी देण्याची पद्धत मला पटत नाही. त्यांना नाही म्हणणे अवघड जाते आणि तो कचरा त्यांना घरापर्यंत वाहावा लागतो.

गोधडी शिवणाऱ्या इतर मंडळींना सुती, इस्त्री केलेले आणि चार बोटांहून मोठे तुकडे द्यावेत. रंगाप्रमाणे सपाट घड्या घालून सुतळीने बांधावेत. पिशव्या शिवणाऱ्या बचत गटांना वीतभरापेक्षा मोठे तुकडे, उरलेले वॅडिंग, चेन, नाड्या हवे असतात, आणि त्यांना मिश्र कापडही चालते. कापड गोळा करणाऱ्या मोठ्या संस्थांपैकी १९९९ मध्ये सुरू झालेली गूंज सुती कापडापासून मासिक पाळीसाठी पॅड तयार करते; अशा कामासाठी मऊ, स्वच्छ, डाग नसलेले सुती कापडच वेगळे बांधून द्यावे, त्यात जरीचा एकही तुकडा असता कामा नये.

बालवाडी आणि शाळेतील चित्रकलेच्या शिक्षकांना चिकटकामासाठी नेमके तेच लागते जे गोधडीत चालत नाही: चमकदार, रंग जाणारे, विचित्र आकाराचे तुकडे. शाळा जूनच्या मध्यावर सुरू होतात. पहिल्या दोन आठवड्यांची गडबड संपल्यावर विचारावे. वृद्धाश्रमात किंवा विशेष मुलांच्या शाळेत हातांना काम म्हणून तुकडे हवे असतील तर एकाच मापाचे चौकोन कापून द्यावेत आणि किती आहेत ते पिशवीवर लिहावे.

वागळे इस्टेटमध्ये किंवा तुर्भे-महापे पट्ट्यात गॅरेज आणि लहान वर्कशॉप यांना तेल पुसायला चिंध्या लागतात. तिथे फक्त सुती आणि वीतभराहून मोठे कापड उपयोगी.

*सावधान:* अरुंद पट्ट्या किंवा लोंबते धागे असलेले कापड वर्कशॉपला देऊ नये. ते फिरत्या यंत्रात अडकून हात ओढला जाण्याचा धोका असतो. प्राण्यांच्या निवाऱ्यालाही सुट्या चिंध्या देऊ नयेत. मांजरे आणि कुत्री धागा गिळतात आणि तो आतड्यात अडकून शस्त्रक्रियेची वेळ येते. त्यांना पूर्ण शिवलेली गादीच द्यावी.

बोहारीण अख्खी साडी, पँट, चादर घेते. तुकड्यांची पिशवी तिच्यापुढे मांडून भांड्यासाठी घासाघीस करण्यात अर्थ नाही. शिंप्यालाही तुकडे देऊ नयेत, त्याच्याकडे आपल्याहून जास्त कातरण पडलेले असते.

ठाण्याहून नेरुळ किंवा वाशीच्या बाजूला द्यायला जायचे असेल तर ट्रान्स-हार्बर लोकलने दुपारी निघावे आणि एका पिशवीत चार किलोपेक्षा जास्त भरू नये; कापड दिसते त्यापेक्षा जड असते.

*तपासा:* बांधण्यापूर्वी प्रत्येक तुकड्यावरून तळहात फिरवावा. टाचणी, मोडलेली सुई, हुक राहिलेले नाही याची खात्री झाल्यावरच पिशवी बंद करावी आणि वर "सुती, धुतलेले" किंवा "मिश्र, चिकटकामासाठी" अशी चिठ्ठी लावावी.

टप्पा ९: कोणालाच न लागणारे

इतके करूनही धाग्यांचा गुंता, कृत्रिम कापडाच्या पट्ट्या आणि डाग पडलेले तुकडे उरतात. नवी मुंबई महानगरपालिकेने बेलापूरला जुन्या कापडाच्या पुनर्वापरासाठी केंद्र उभारले आहे आणि काही सोसायट्यांत कापडासाठी स्वतंत्र पेट्याही ठेवल्या आहेत. आपल्या सोसायटीत तशी पेटी आहे का, हे सचिवांना विचारावे. पेटी नसेल, किंवा आपण ठाण्यात असाल, तर कोरडे तुकडे एका पिशवीत बांधून सुक्या कचऱ्यात द्यावेत. ओल्या कचऱ्यात मिसळलेले कापड कोणाच्याही उपयोगाचे राहत नाही. टेरिकॉट किंवा नायलॉन कुंडीतल्या खतात टाकू नये, ते कुजत नाही; गच्चीवर जाळू तर मुळीच नये.

मोडलेल्या सुया, वाकलेल्या टाचण्या आणि रोटरी कटरची (कापड कापायच्या गोल फिरत्या पात्याच्या सुरीची) बोथट पाती यांसाठी औषधाची रिकामी, घट्ट झाकणाची बाटली ठेवावी. ती भरली की झाकणावर चिकटपट्टी लावून, बाहेरून "धारदार" असे ठळक लिहून, सफाई कर्मचाऱ्याच्या हातात सांगून द्यावी. कापडाच्या पिशवीत ती लपवून टाकू नये.